मैलांची बक्षिसी आणि करदात्यांचा रोष

विमानतळावरील प्रवाशांची रांग ही समाजाची एक लहानशी प्रतिकृतीच असते. विमानात प्रवेश देण्याची वेळ झाली, की प्रथम एका विशिष्ट वर्गाच्या प्रवाशांना पाचारण केले जाते, मग दुसऱ्या वर्गाच्या, मग तिसऱ्या. आणि ज्याने आयुष्यात प्रथमच तिकीट काढले आहे, तो आपली पिशवी सावरीत अगदी शेवटी आत शिरतो. पहिल्या रांगेत उभा असलेला प्रवासी नेहमी पदरचे अधिक पैसे मोजणारा असतो, असे मात्र नाही. पुष्कळदा त्याच्या तिकिटाचा खर्च त्याच्या मालकाने किंवा सरकारने केलेला असतो. त्याचा विशेष अधिकार एवढाच, की तो एकाच कंपनीच्या विमानाने वारंवार प्रवास करतो. अशा प्रवाशाला 'फ्रीक्वेंट फ्लायर' म्हणजे वारंवार उडणारा, असे नाव पडले आहे. त्याने आकाशात काटलेल्या मैलांचा हिशेब ठेवावयाचा आणि त्या मैलांच्या मोबदल्यात त्याला फुकट तिकिटे, वरच्या वर्गातील आसने व विश्रांतिकक्षाची सोय बहाल करावयाची, ही प्रथा आता जगभर रूढ झाली आहे.

या बक्षिसीविषयी सामान्य माणसाच्या मनात एक अढी आहे. ती केवळ मत्सरातून आलेली आहे, असे म्हणून तिची वासलात लावणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे २०१८ साली जगातील सुमारे ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला. म्हणजे वारंवार उडणारे हे मूठभरांतील मूठभर होत. या मूठभरांना कोणी काही बक्षीस दिले, तर जमिनीवरून चालणाऱ्या माणसाने त्याची फारशी फिकीर करण्याचे कारण नव्हते. पण अमेरिकेत २००१ साली आणि पुन्हा २०२० साली विमानकंपन्या संकटात सापडल्या, आणि दोन्ही वेळा सरकारी तिजोरीने त्यांना हात दिला. तेव्हा अढीचे रूपांतर उघड रोषात झाले. सुगीच्या दिवसांत ज्यांची बक्षिसी मोजक्यांच्या घरी जाते, त्यांच्या दुष्काळाची वर्गणी सर्वांनी का भरावी, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे, तर ही बक्षिसी मुळात कशी जन्मली आणि तिचा पैसा कोणाच्या खिशातून येतो, हे पाहिले पाहिजे.

ही प्रथा फार जुनी नाही. १९३८ सालच्या कायद्याने अमेरिकेतील विमानवाहतूक सरकारी नियंत्रणाखाली आली. पुढे चाळीस वर्षे कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर विमाने चालवावीत आणि किती भाडे आकारावे, हे एका सरकारी मंडळाने ठरवावे असा शिरस्ता होता. भाडी सारखीच असल्यामुळे कंपन्यांची चढाओढ चाले ती जेवणाच्या, आदरातिथ्याच्या आणि विमानांच्या संख्येच्या बाबतीत. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ही नियंत्रणे उठविणाऱ्या कायद्यावर सही केली. नव्या कंपन्या निघाल्या, भाडी उतरू लागली आणि जेथे स्वस्त तेथे प्रवासी जाऊ लागला. जुन्या कंपन्यांपुढे प्रश्न पडला, की या चंचल गिऱ्हाइकाला बांधून कसे ठेवावे? १ मे १९८१ रोजी 'अमेरिकन एअरलाइन्स' या कंपनीने आपली मैलांची योजना जाहीर केली. काही दिवसांतच 'युनायटेड'ने तशीच योजना काढली आणि त्याच वर्षी 'डेल्टा'नेही तोच मार्ग धरला. कल्पना अगदी नवी नव्हती. अमेरिकेतील वाणसामानाची दुकाने गिऱ्हाइकाला खरेदीबरोबर हिरवी तिकिटे देत. ती वहीत चिकटवून वही भरली, की तिच्या बदल्यात घरगुती वस्तू मिळे. विमानकंपन्यांनी तिकिटांच्या जागी मैल आणले, एवढेच.

या योजनेची खुबी विमानातील रिकाम्या आसनात आहे. दुकानदाराने बक्षीस म्हणून एक भांडे दिले, तर त्याला ते भांडे विकत आणावे लागते. विमान मात्र आसन भरले तरी उडावयाचेच आणि रिकामे राहिले तरी उडावयाचेच. एकदा ते आकाशात गेले, की न विकलेल्या आसनाची किंमत शून्य. ते रिकामे आसन बक्षीस म्हणून दिले, तर कंपनीला खर्च येतो तो थोड्याशा इंधनाचा आणि खाण्यापिण्याचा. घेणाऱ्याला मात्र पूर्ण तिकिटाची किंमत हाती आल्यासारखे वाटते. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा उत्तम नमुना होय. आणि जोपर्यंत सौदा कंपनी व प्रवासी या दोघांपुरता आहे, तोपर्यंत त्यात तिसऱ्याने बोलावे असे काही नाही.

पण सौदा दोघांपुरता राहिला नाही. विमानाने वारंवार जातो तो बहुधा कामासाठी जातो, आणि कामासाठी जाणाऱ्याचे तिकीट त्याची कचेरी काढते. भाडे भरणारा एक आणि मैल जमविणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. अशा प्रवाशाला स्वस्त तिकीट शोधण्याची गरज उरत नाही. उलट थोडे महाग पडले तरी चालेल, पण मैल आपल्या नावावर जमा व्हावेत, अशी त्याची वृत्ती बनते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार! मालकाच्या पैशाने मिळालेले हे बक्षीस म्हणजे नोकराचे उत्पन्नच होय, तेव्हा त्यावर कर बसावा की नाही, याचा अमेरिकेच्या करखात्याने पुष्कळ काळ विचार केला, आणि २००२ साली अशा मैलांवर कर मागितला जाणार नाही, असे जाहीर करून तो विषय बाजूला ठेवला.

त्याच वर्षी जर्मनीत या प्रश्नाने राजकारणाला हादरा दिला. लोकप्रतिनिधींनी सरकारी कामाच्या प्रवासात जमविलेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, असा तेथील संसदेचा दंडक होता. काही प्रतिनिधींनी ते खाजगी प्रवासासाठी वापरल्याचे एका वृत्तपत्राने उघडकीस आणले. ग्रेगोर गीझी यांनी त्यापायी जुलै २००२ मध्ये बर्लिन राज्याच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ग्रीन पक्षाचे चेम ओझ्देमिर यांच्यावरही या प्रकरणात आणि एका कर्जाच्या प्रकरणात आपले पक्षातील पद सोडण्याची पाळी आली. रकमा मोठ्या नव्हत्या. परंतु सार्वजनिक पैशातून निघालेले बक्षीस कोणाचे, हा प्रश्न मतदाराला अगदी लख्ख समजला होता, आणि त्याचे उत्तरही त्याने तितक्याच स्पष्टपणे दिले.

पुढे या मैलांनी दुसरे रूप धारण केले. मैल मिळविण्यासाठी विमानात बसण्याचीही आवश्यकता उरली नाही. विमानकंपन्या आपले मैल बँकांना घाऊक भावाने विकू लागल्या, आणि बँका ते आपल्या क्रेडिट कार्डावर खरेदी करणाऱ्यांना वाटू लागल्या. किराणा घ्या, पेट्रोल भरा, हॉटेलात जेवा, प्रत्येक खर्चामागे काही मैल खात्यावर जमा! अशा रीतीने मैल हे एक खाजगी चलन बनले. या व्यापाराचा विस्तार केवढा आहे, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल: 'डेल्टा' कंपनीला २०२४ साली एकट्या 'अमेरिकन एक्स्प्रेस' या कार्ड कंपनीकडून सुमारे ७.४ अब्ज डॉलर मिळाले.

हे अब्जावधी डॉलर कोठून येतात? गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे दिले, की दुकानदाराला त्या रकमेचा काही अंश बँकेला आणि कार्ड कंपनीला द्यावा लागतो. अमेरिकेत हा अंश साधारणपणे शेकडा दोन किंवा त्याहून अधिक पडतो. दुकानदार हा खर्च स्वतः सोसत नाही. तो वस्तूच्या किमतीत मिसळतो. आणि किंमत सर्वांना सारखीच असते. ज्याच्याजवळ बक्षिसाचे कार्ड आहे, त्याला वाढीव किमतीचा काही भाग मैलांच्या रूपाने परत मिळतो. जो रोख नोटा मोजतो, त्याला काहीच परत मिळत नाही. बॉस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली याचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे रोखीने व्यवहार करणारे सर्वसाधारण कुटुंब या वाटेने कार्डधारकांना वर्षाला १४९ डॉलर पोचते करीत होते, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाच्या पदरात वर्षाला १,१३३ डॉलर पडत होते. रोखीने व्यवहार करणारा बहुधा गरीब असतो आणि मोठ्या बक्षिसाचे कार्ड बहुधा श्रीमंताला मिळते. म्हणजे जो कधी विमानात बसलाच नाही, तोही भाजीबाजारात उभा राहून दुसऱ्याच्या विमानप्रवासाला हातभार लावीत असतो. त्याला याची जाणीव नसते, म्हणून त्याची तक्रारही ऐकू येत नाही.

या चलनाची आणखी एक खोड आहे. सरकारने काढलेल्या नोटेच्या पाठीशी कायदा असतो; मैल काढणारी कंपनी मात्र त्यांचे मोल आपल्या मर्जीप्रमाणे बदलू शकते. काल वीस हजार मैलांत मिळणारे तिकीट आज तीस हजारांचे झाले, तर दाद मागावयाची कोठे? अमेरिकेत एका यहुदी धर्मगुरूंचे सभासदत्व 'नॉर्थवेस्ट' कंपनीने, ते फार वेळा तक्रारी करतात या सबबीवर रद्द केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. करारात सचोटीने वागण्याचे जे बंधन राज्याचा कायदा अध्याहृत धरतो, त्याचा आधार अशा दाव्याला मिळू शकत नाही. कारण १९७८ च्या कायद्याने विमानांची भाडी व सेवा राज्यांच्या कायद्यांच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत, असा निर्णय एप्रिल २०१४ मध्ये एकमताने झाला. २०२३ साली 'डेल्टा'ने आपले नियम फार कडक केले, तेव्हा खुद्द वारंवार उडणाऱ्यांतच एवढा गहजब उडाला, की कंपनीच्या प्रमुखांना आपण मर्यादा ओलांडल्याचे कबूल करून काही बदल मागे घ्यावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या योजनांची तपशीलवार माहिती मागविली. तात्पर्य, ही बक्षिसी ज्यांना मिळते तेही तिच्याविषयी निःशंक नाहीत.

आता तिजोरीकडे वळू. ११ सप्टेंबर २००१ रोजी अतिरेक्यांनी चार प्रवासी विमाने पळवून न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे भीषण संहार केला. त्यानंतर काही दिवस अमेरिकेचे आकाश प्रवासी विमानांना बंद होते, आणि ते उघडल्यावरही प्रवासी येईनात. अवघ्या अकरा दिवसांत, २२ सप्टेंबरला, विमानकंपन्यांना ५ अब्ज डॉलर रोख आणि १० अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांना हमी देणारा कायदा संमत झाला. लोकांनी त्या वेळी फारशी कुरकुर केली नाही; कारण आपत्ती राष्ट्राची होती, आणि विमाने जमिनीवर उतरविण्याचा हुकूमही सरकारचाच होता. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात संरक्षणखर्चाच्या कायद्यात एक लहानसे कलम घालण्यात आले. त्यापूर्वी केंद्र सरकारच्या नोकरांनी सरकारी प्रवासात जमविलेले मैल सरकारचे मानले जात. या कलमाने ते नोकरांना स्वतःसाठी वापरण्याची मुभा मिळाली. ज्या करदात्याने सप्टेंबरात कंपन्यांना सावरले, त्याच्याच खर्चाने निघालेल्या तिकिटांचे बक्षीस डिसेंबरात त्याच्या हातून गेले.

त्याहून बोचक घटना पुढे घडली. 'युनायटेड' कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकारने तिच्या कर्जाला हमी नाकारली. तेव्हा मागेल त्याला मिळाले, असे म्हणता येणार नाही. दिवाळखोरीच्या काळात कंपनीने प्रवाशांना निक्षून सांगितले, की तुमचे मैल सुरक्षित आहेत. आणि ते वचन तिने पाळले. मे २००५ मध्ये मात्र न्यायालयाच्या संमतीने तिने आपल्या कामगारांच्या निवृत्तिवेतनाच्या चार योजना मोडल्या. त्या योजनांत सुमारे ९.८ अब्ज डॉलरची तूट होती. त्यांपैकी सुमारे ६.६ अब्जांचा भार निवृत्तिवेतनांचा विमा उतरविणाऱ्या सरकारी महामंडळावर पडला. उरलेल्याला कामगार मुकले. हे महामंडळ करांच्या पैशावर नव्हे, तर इतर मालकांनी भरलेल्या हप्त्यांवर चालते, हे येथे सांगितले पाहिजे. तरीही प्रवाशाचा मैल शाबूत राहिला आणि कामगाराचे म्हातारपणचे वेतन कापले गेले, हे सत्य उरतेच. त्याचे कारण दुष्टावा नव्हे. मैल बुडविले असते, तर प्रवासी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कंपनीकडे गेला असता. तीस वर्षे सेवा केलेला यंत्रकारागीर कोठे जाणार? ज्याच्यापाशी निघून जाण्याची ताकद असते, त्याचे देणे आधी फिटते.

यानंतरच्या दशकात अमेरिकन कंपन्यांची झपाट्याने एकत्रीकरणे झाली. 'डेल्टा'त 'नॉर्थवेस्ट', 'युनायटेड'मध्ये 'कॉन्टिनेंटल', 'अमेरिकन'मध्ये 'यूएस एअरवेज' विलीन झाली, आणि देशांतर्गत प्रवासाचा बहुतांश व्यापार चार कंपन्यांच्या हाती आला. नफा वाढला. तो नफा आपत्तीसाठी साठविला गेला काय? एका प्रसिद्ध वृत्तसंस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२० पूर्वीच्या दहा वर्षांत मोठ्या कंपन्यांनी आपल्या हाती मोकळ्या राहिलेल्या रोख रकमेपैकी सुमारे ९६ टक्के रक्कम स्वतःचेच भाग बाजारातून परत विकत घेण्यावर खर्च केली. भागांची संख्या घटली, की उरलेल्या भागांचा भाव चढतो. भागधारकांचा आणि ज्यांचे वेतन भागांच्या रूपाने मिळते त्या अधिकाऱ्यांचा त्यात लाभ असतो.

मग २०२० चा मार्च उजाडला. करोनाच्या साथीने विमानतळ ओस पडले. २७ मार्चला मंजूर झालेल्या कायद्याने प्रवासी विमानकंपन्यांना वेतनासाठी २५ अब्ज डॉलर आणि कर्जासाठी आणखी २५ अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद केली. वेतनसाहाय्याचे आणखी दोन हप्ते पुढच्या वर्षभरात देण्यात आले, आणि प्रवासी कंपन्यांचे एकूण वेतनसाहाय्य ५४ अब्ज डॉलरवर पोचले. त्यातील मोठा भाग परतफेडीच्या अटीशिवाय होता. याच दिवसांत दोन गोष्टी एकदमच घडत होत्या. एकीकडे, मोठ्या कंपन्यांनी आपल्या मानाच्या सभासदांचे दर्जे २०२२ च्या जानेवारीपर्यंत आपण होऊन वाढवून दिले. दुसरीकडे, रद्द झालेल्या विमानांच्या तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत, अशा सामान्य प्रवाशांच्या तक्रारींचा ढीग साचला, आणि ३ एप्रिल २०२० रोजी वाहतूक खात्याला कंपन्यांना बजवावे लागले, की पैसे परत करणे हे तुमचे कर्तव्य आहे. त्या काळातील रोषाचे मर्म या एका विरोधात साठविलेले आहे.

त्याच उन्हाळ्यात एक रहस्यही बाहेर पडले. 'युनायटेड'ने आपली मैलांची योजना तारण ठेवून बाजारातून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्यासाठी योजनेचे मोल सुमारे २२ अब्ज डॉलर धरण्यात आले होते. संपूर्ण कंपनीच्या सर्व भागांची त्या वेळची बाजारातील किंमत त्याहून पुष्कळ कमी होती. सप्टेंबरात 'डेल्टा'ने त्याच मार्गाने ९ अब्ज मिळविले. 'अमेरिकन'ने आपली योजना प्रथम सरकारी कर्जासाठीच तारण दिली आणि मार्च २०२१ मध्ये तिच्या जोरावर बाजारातून १० अब्ज डॉलर उचलले. विमाने, कारखाने आणि माणसे यांपेक्षा मैलांची वहीच अधिक मोलाची ठरली! तेव्हा लोकांनी विचारले, की एवढी ठेव घरात असताना तिजोरीचे दार ठोठावण्याचे कारण काय होते?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. साथीच्या पहिल्या आठवड्यांत अशा तारणावर कोणी कर्ज दिले असते की नाही, हे निश्चयाने सांगता येत नाही. सरकार पाठीशी उभे आहे हे दिसल्यावरच सावकारांना धीर आला, असे मानण्यास जागा आहे. शिवाय हे साहाय्य वेतनासाठी होते, आणि ते वेतनासाठीच असावे, हा आग्रह कामगारसंघटनांचा होता. ३० सप्टेंबर २०२० पर्यंत कोणालाही सक्तीने घरी बसवू नये, अशी अट होती. ती मुदत संपताच दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ३२ हजार लोकांना घरी बसविले, आणि पुढचा हप्ता मिळाल्यावर परत बोलाविले. यावरून पहिल्या हप्त्याने काय थोपविले होते, हे कळून येते. लाभांश वाटणे व स्वतःचे भाग विकत घेणे यांवर सप्टेंबर २०२२ अखेरपर्यंत बंदी घालण्यात आली, तीही जनतेच्या रोषामुळेच. रोष व्यर्थ गेला नाही, असा याचा अर्थ.

साहाय्य देण्याचा दुसरा मार्ग जर्मनीने दाखविला. २०२० साली 'लुफ्थान्सा'साठी ९ अब्ज युरोंची योजना करताना सरकारने कंपनीचे २० टक्के भाग स्वतःकडे घेतले. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत ते सर्व विकून झाले, तेव्हा तिजोरीला सुमारे ७६ कोटी युरोंचा नफा झाला होता. हा मार्गही निष्कलंक नव्हता. या साहाय्याला युरोपीय आयोगाने दिलेली मान्यता युरोपीय न्यायालयाने मे २०२३ मध्ये रद्द ठरविली. तथापि तोट्यात वाटेकरी व्हावयाचे तर नफ्यातही व्हावयाचे, हे साधे तत्त्व त्यात पाळले गेले.

भारताला हा विषय परका नाही. १९५३ साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हापासून 'एअर इंडिया'चा तोटा हा उघडउघड राष्ट्राचाच तोटा होता. २०१२ साली केंद्र सरकारने तिच्या पुनरुज्जीवनासाठी ३०,२३१ कोटी रुपयांचे भांडवल टप्प्याटप्प्याने घालण्याची योजना मंजूर केली. अखेर जानेवारी २०२२ मध्ये ती टाटा समूहाकडे गेली, तेव्हा तिच्या ६१ हजार कोटींहून अधिक कर्जापैकी १५,३०० कोटींचे ओझे खरेदीदाराने पत्करले आणि उरलेले सरकारच्या शिरावर राहिले. खाजगी क्षेत्रातील उदाहरण मुंबईच्या 'जेट एअरवेज'चे आहे. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे सोपविण्यात आली होती, आणि २०१४ साली तिचे ५०.१ टक्के भाग 'एतिहाद'ने १५ कोटी डॉलरना घेतले. १७ एप्रिल २०१९ रोजी 'जेट'चे शेवटचे विमान उतरले. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले. सार्वजनिक बँकांची हजारो कोटींची कर्जे अडकली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. मैलांची योजना मात्र २०१९ च्या अखेरीस 'इंटरमाइल्स' हे नवे नाव घेऊन पुढे चालू राहिली. विमान गेले, पगार गेला, मैल राहिले!

तेव्हा या रोषात तीन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि ते वेगवेगळे केले पाहिजेत. पहिल्या रांगेतील माणसाचा हेवा हा पहिला धागा. त्याला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. गाडीच्या पहिल्या वर्गाविषयीही तो वाटतो. ज्याला बक्षीस मिळत नाही त्याच्याकडून नकळत वसूल होणारी वर्गणी हा दुसरा धागा. त्यावर उपाय आहे: युरोपीय संघाने २०१५ साली क्रेडिट कार्डाच्या व्यवहारावरील बँकांची आकारणी शेकडा ०.३ पर्यंत मर्यादित केली, आणि तेथे अशा बक्षिसीला मुळातच आळा बसला. नॉर्वेने २००२ पासून २०१३ पर्यंत देशांतर्गत प्रवासावर मैल देण्यास मनाई केली होती, ती नव्या कंपन्यांना स्पर्धेत टिकता यावे म्हणून. तिसरा धागा साहाय्याच्या अटींचा. विमानवाहतूक बंद पडली, तर नुकसान केवळ उडणाऱ्यांचे होत नाही. औषधे, टपाल, दूरचे प्रांत आणि लक्षावधींची उपजीविका तिच्यावर अवलंबून असते. म्हणून साहाय्य देऊच नये, असे सहसा म्हणता येणार नाही. पण ते देताना कंपनीजवळ काय काय आहे याची मोजदाद आधी व्हावी, मैलांची वहीही त्या मोजदादीत यावी, आणि देणाऱ्याला त्याच्या देण्याइतका वाटा मिळावा, एवढे मागण्याचा करदात्याला पुरा अधिकार आहे.

पहिल्या रांगेतील प्रवासी ज्या विमानाने जातो, त्याच विमानाने शेवटच्या रांगेतीलही जातो, आणि जो विमानतळावर कधी आलाच नाही, त्याचेही पैसे त्या विमानात गुंतलेले असतात. या तिसऱ्या माणसाला फुकट तिकीट नको आहे. हिशेबाच्या वहीत आपले नाव कोणत्या बाजूला लिहिले आहे, एवढेच त्याला पाहावयाचे आहे. आणि ती वही त्याला दाखविणे हे कंपनीचे नसले, तरी त्याच्या सरकारचे कर्तव्य आहे.